सांडपाण्याची वाट – भाग 6 : धरणाला नदीचा हिशेब लागू होत नाही

मागच्या आठवड्यात आपण बिंदुसरेच्या काठानं बीड शहर ओलांडलं. बालाघाटात उगवलेली ही नदी शहरातले नाले पोटात घेऊन सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगावच्या धरणात उतरते. बीडच्या नळांना पाणी येतं ते पालीच्या बिंदुसरा धरणातून आणि याच माजलगावातून. पाली शहराच्या वर आहे, माजलगाव खाली. तेव्हा बशीरगंजातल्या मोरीत ओतलेल्या बादलीचं पुढे काय होतं, हा प्रश्न बीडकरांना परका नाही.

वाहतं पाणी आपोआप निवळतं, असं आपण ऐकत आलो. ते अर्धं खरं आहे. खळाळत्या पाण्यात हवा मिसळते, जिवाणू घाण खातात. शुद्धीकरण केंद्रातही हेच घडतं, फक्त घाईनं: जाळीवर कचरा अडतो, वाळू खाली बसते, मोठ्या टाकीत यंत्रानं हवा सोडली जाते. काम नीट झालं की नाही हे ठरवायला 300 मिलीची काचेची बाटली पुरते. नमुना पातळ करून ती काठोकाठ भरायची, बूच घट्ट लावायचं आणि 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. घाण खाताना जिवाणूंनी किती प्राणवायू संपवला, ते मोजायचं. हाच तो बीओडी. कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेनं महानगरांसाठी 20 आणि बीडसारख्या गावांसाठी 30 ही मर्यादा घातली.

या परीक्षेत पास झालेलं पाणी दिसायला नितळ असतं. पण त्यात स्फुरद उरतं. डीएपीच्या पोत्यातलं असतं, तेच. ते आपल्या मलमूत्रातून येतं, काही साबणाच्या भुकटीतूनही. बीओडीच्या बाटलीला ते दिसत नाही, आणि त्या अधिसूचनेत त्याला मर्यादाच नव्हती. माझ्या मते खरी गफलत इथे आहे.

नदीत ते पुढे वाहून जातं. थांबलेल्या पाण्यात साठतं. एक ग्रॅम स्फुरदावर साधारण शंभर ग्रॅम (सुकं वजन धरून) शेवाळ पोसलं जातं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. पाणी फार हिरवं झालं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचं विष तर उकळूनही जात नाही.

ओडिशातल्या चिलिका या खाऱ्या सरोवराचं दुखणंही साचण्याचंच होतं. गाळानं समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. 1993 मध्ये ते रामसर करारातल्या धोक्याच्या यादीत गेलं. 2000 मध्ये नवं तोंड खोदलं, भरती-ओहोटी पुन्हा खेळू लागली आणि 2002 मध्ये नाव यादीतून निघालं. माजलगावला अशी भरती नाही. धुऊन निघायचं तर सांडव्याचे दरवाजे उघडायला हवेत, आणि मराठवाड्यात ते पावसाच्या मर्जीवर. पाऊस दडी मारतो तेव्हा साठा आटतो आणि उरलेलं पाणी आणखी दाट होतं.

मग करायचं काय? शेवटच्या टाकीत तुरटी किंवा लोहक्षार घातला की स्फुरद साक्यात बसतं. खर्च रोजचा आहे. त्यापेक्षा मला दुसरी वाट पटते: शुद्ध केलेलं पाणी नदीत न सोडता चाऱ्याच्या किंवा कपाशीच्या रानात न्यावं. धरणात जे शेवाळ पोसतं, ते रानात खताच्या पोत्याचा खर्च वाचवतं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला मात्र ते देऊ नये. आणि पावसाळ्यात रानाला पाणी नको असतं तेव्हा साठवायला तळी लागतील. जमीन कोणाची घ्यायची, इथे योजना अडतात.

तुरटीनं खाली बसवलेला गाळ कुठे टाकायचा, ते पुढच्या आठवड्यात.