धातुसेनाचा खजिना

श्रीलंकेत सिगिरियाचा कातळ सपाट रानातून एकदम सुमारे २०० मीटर वर उसळलेला दिसतो. राजा कश्यपाने इ.स. ४७७ ते ४९५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या माथ्यावर राजवाडा उभारला. कड्यावरची अप्सरांची चित्रं आणि सिंहाचे अवाढव्य पंजे बघायची सगळ्यांनाच घाई असते. पण वर चढण्याआधी पायथ्याच्या जलउद्यानात थोडं थांबाच. तिथे जमिनीलगत चुनखडीच्या गोल चकत्या बसवलेल्या आहेत आणि त्यांना नेटकी भोकं पाडलेली आहेत. ती कारंजी आहेत. चांगला पाऊस झाला की त्यांतून आजही पाणी उसळतं! पंप नाही, वीज नाही. उंचावरचं पाणी भूमिगत नाल्यांतून उतरतं आणि पातळीतल्या फरकामुळे आलेल्या दाबानं भोकांतून वर उडतं. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे गणित अजून चुकलेलं नाही.

हे ज्ञान कश्यपाच्या घरातलंच होतं. त्याचे वडील, राजा धातुसेन, म्हणजे तलाव बांधणारा राजा. बेटाच्या या कोरड्या भागात बहुतेक पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, वर्षअखेरीच्या मोजक्या महिन्यांत पडतो. तो अडवला नाही तर भात पिकणार कसा? म्हणून धातुसेनाने कालावेवा हा प्रचंड तलाव बांधला आणि त्याचं पाणी ८७ किलोमीटर लांबीच्या कालव्याने राजधानी अनुराधापुरापर्यंत नेलं. या कालव्याच्या काही भागात उतार किलोमीटरमागे अवघा दहा सेंटीमीटरच्या आसपास आहे. अर्धी वीतसुद्धा नाही! दुर्बिणीचं लेव्हल यंत्र नसताना हा उतार मैलोन्‌मैल कसा साधला असेल, या विचारानं मन थक्क होतं.

तेवढाच चकित करणारा आहे बांधातला बिसोकोटुव. खोल तलावाच्या तळाशी पाण्याचा दाब प्रचंड असतो. ते थेट सोडलं तर बांधच पोखरून निघेल. म्हणून बांधाच्या पोटात दगडी चिऱ्यांची चौकोनी विहीर बांधत. पाणी आधी तिच्यात येई, तिथून ते हवं तेवढंच पुढे सोडता येई. हेन्री पार्कर या ब्रिटिश पाटबंधारे अभियंत्याने या विहिरी अभ्यासल्या, तेव्हा आधुनिक धरणांतल्या झडपमनोऱ्यांचं मूळ रूप त्याला त्यांत दिसलं.

चूलवंस या पाली बखरीत एक प्रसंग आहे. कश्यपाने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे ते विचारलं. धातुसेन त्याला कालावेवावर घेऊन गेला, पाण्यात उतरला आणि म्हणाला, माझी सारी संपत्ती हीच. संतापलेल्या मुलाने बापाला भिंतीत चिणून मारवलं.

कश्यपाचा राजवाडा आज फक्त विटांचे चौथरे होऊन उरला आहे. कालावेवाची एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली आणि आज तो महावेली प्रकल्पाचा भाग आहे. म्हणून श्रीलंकेला जाल तेव्हा सिगिरिया चढाच, पण प्रवासातला एक अख्खा दिवस कालावेवासाठी राखून ठेवा. जवळच अवुकनची सुमारे बारा मीटर उंच बुद्धमूर्तीही आहे. धातुसेनाच्या त्या खजिन्यावर तिथला शेतकरी आजही भात पिकवतो.