मैदानामागचे शास्त्र

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी खाशाबा जाधव गेले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत वाढलेला. तेथे मात्र गादीवर झुंजावयाचे होते. मातीत पाय रुततो, गादीवर तो निराळ्याच रीतीने ठरतो. त्या खेपेस त्यांना सहावे स्थान मिळाले. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

पाय कोठे कसा ठरतो, थकलेला स्नायू किती वेळाने ताजातवाना होतो, सामन्यापूर्वी काय खावे व केव्हा, अशा प्रश्नांची उत्तरे मोजमापाने शोधणारे शास्त्र म्हणजे क्रीडाशास्त्र. धावपटूच्या कानाच्या पाळीतून रक्ताचा एक थेंब घेतात, त्यातील लॅक्टेटचे प्रमाण मोजतात आणि त्याने आपला वेग वाढवावा की आवरावा, हे त्यावरून ठरवितात. केवढी ही सूक्ष्म दृष्टी!

मुलांनो, 'हे शिकून पोट भरेल काय?' असे घरची वडील माणसे विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत प्रशिक्षक घडविले जातात. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि मणिपुरात २०१८ साली निघालेले राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ, येथेही शिक्षणाची सोय आहे. शिकलेल्यांपैकी कोणी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, कोणी संघाचा व्यायाममार्गदर्शक, तर कोणी सामन्याची चित्रफीत पाहून खेळाडूच्या चुका हेरतो. काहीजण प्रयोगशाळेत संशोधन करितात. मात्र मोठे संघ थोडे आणि त्यांतील जागा मोजक्या, हे मी तुमच्यापासून लपविणार नाही. शिवाय दुखापतीवर उपचार करावयाचे असतील, तर भौतिकोपचाराची वेगळी पदवी घ्यावी लागते. या दोहोंची गल्लत पुष्कळजण करितात.

माझ्या शाळेत एक मुलगा होता. शर्यतीत तो सदैव मागे पडे. पण इतर धावू लागले, की घड्याळ घेऊन प्रत्येकाची वेळ आणि नाडीचे ठोके वहीत टिपून ठेवी. गणिताच्या तासाला ती वही माझ्या दृष्टीस पडली. मी ती काढून घेतली व त्याला बाकावर उभे केले. ती वही मी त्याला परत दिली नाही.