शिंगराला रंग कुठून मिळतो?

पेशीविभाजन आणि आनुवंशिकता हे दोन पाठ आपण बहुधा वेगवेगळे शिकवतो. एकात मुले अवस्थांची नावे पाठ करतात, दुसऱ्यात मेंडेलचे वाटाणे. दोन्हींना जोडणारी गुणसूत्रे मधल्यामध्ये राहून जातात. नेरळ-कर्जतच्या मुलांना हा दुवा माथेरानच्या घोड्यांवरून दाखवता येईल. गावात खासगी मोटारींना बंदी असल्याने तिथे घोडे पावलोपावली दिसतात.

घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, म्हणजे ३२ जोड्या असतात. जखम भरताना सूत्री विभाजनाने नव्या पेशी होतात. त्यांतही ६४च गुणसूत्रे असतात. शुक्राणू आणि अंडपेशी तयार होताना मात्र अर्धसूत्री विभाजन होते व प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते. ३२ आणि ३२ मिळून शिंगरात पुन्हा ६४.

आता रंग पाहू. काही तांबूस घोड्यांची आयाळ व शेपूट काळी असते, काहींच्या अंगावर काळा केस मुळीच नसतो. केसात काळे रंगद्रव्य येऊ देणारे जनुक ‘क’ प्रभावी, न येऊ देणारे ‘त’ अप्रभावी. (पांढरे घोडे तूर्त वगळावेत, त्यांचा मूळ रंग दुसऱ्या एका जनुकामुळे झाकला जातो.) काळ्या आयाळीचे नर-मादी दोघेही ‘कत’ असतील, तर त्यांना पूर्ण तांबूस शिंगरू होऊ शकते.

हे वर्गात करून पाहा. दोन मुलांना एकेक नाणे द्या. छापा म्हणजे ‘क’, काटा म्हणजे ‘त’. नाणे उडवणे म्हणजेच अर्धसूत्री विभाजन: दोनांपैकी एक निवडले जाते. दोन्ही काटे पडले तर शिंगरू तांबूस. शंभर वेळा उडवल्यास असे सुमारे पंचवीस वेळा घडेल. चारच वेळा उडवल्यास एकदा घडेलच, असे नाही. ‘चारांत एक’ म्हणजे चौथे शिंगरू तांबूस, हा गैरसमज इथेच दूर होतो.

शेवटी खेचराकडे वळा. घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१, अशी त्याची ६३ गुणसूत्रे. मुलांना विचारा, “खेचराची जखम भरते, मग त्याला पिल्लू का होत नाही?” सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्राची फक्त प्रत निघते, जोडीदार लागत नाही. अर्धसूत्री विभाजनात जोड्या जुळाव्या लागतात. खेचरात त्या नीट जुळत नाहीत. मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या नोंदी अगदी विरळ आहेत. या प्रश्नाचे उत्तर जो विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत देईल, त्याला दोन्ही विभाजनांतला फरक कळला, असे खुशाल समजावे.