दोर आपल्या हातात, गळा दुसऱ्याचा

जानेवारी लागला की वस्तीत पतंग दिसू लागतात. सण कोणाचा, हा वाद पोरांना नसतो. वारा सुटला आणि हातात दहा रुपये आले की पोरगं पतंग घेऊन येतं. येऊ द्या. आपल्या मुलांच्या वाट्याला खेळायच्या जागा तशाही कमीच येतात. म्हणून ‘पतंग बंद करा’ असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. पतंग कशाने उडवायचा, कुठे उडवायचा आणि उडवून झाल्यावर काय करायचं, याचे काही साधे नियम आहेत. ते माहीत नसल्यामुळे किंवा माहीत असूनही न पाळल्यामुळे दरवर्षी माणसं मरतात. पतंग आपल्या घरावरून उडतो, पण त्याचा दोर दुसऱ्याच्या रस्त्यावरून जातो.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केलं, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. संक्रांतीच्या आसपास अपघात विभागात येणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. गळा कापलेले येतात, बोटं कापलेली येतात, छपरावरून पडलेली लेकरं येतात. त्यात पतंग उडवणारे थोडे. जास्त असतात ते कामावर निघालेले: दुचाकीवरून डबे पोचवणारा पोरगा, सायकलवरून रात्रपाळीला जाणारा कामगार, बापाच्या पुढे टाकीवर बसलेली चार वर्षांची मुलगी. ही आपलीच माणसं आहेत. दोर धरणारा पोरगाही आपला आणि दोरात अडकणारा बापही आपलाच.

दोऱ्याने गळा कसा कापतो?

पूर्वीचा मांजा म्हणजे सुती दोऱ्याला खळ आणि काचेची पूड लावलेला. तोही कापायचा, पण ताण आला की तुटायचा. नायलॉन मांजा तुटत नाही. तो ताणला जातो आणि कातडीत रुतत जातो. बाजारात त्याला ‘चायनीज मांजा’ म्हणतात. या नावावर जाऊ नका, तो आपल्या देशातही बनतो. नाव कुठलंही असो, दोरा प्लास्टिकचा आहे एवढं लक्षात ठेवा.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. रस्त्यावर आडवा आलेला बारीक दोरा इतक्या वेळात डोळ्यांना दिसत नाही. दिसला तरी ब्रेक लागायच्या आत तो गळ्याशी आलेला असतो. गळ्याच्या पुढच्या भागात कातडीखाली फार खोल नसलेल्या तीन गोष्टी आहेत: मध्ये श्वासनलिका, दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आणि रक्त परत आणणाऱ्या शिरा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. गळ्याची मोठी धमनी कापली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. दवाखाना कितीही जवळ असला तरी ती पहिली काही मिनिटं रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांच्याच हातात असतात.

नायलॉन मांजा ओळखायचा कसा?

दोन्ही हातांत दोरा धरून ओढा. सुती दोरा तुटतो. नायलॉनचा ताणतो, हाताला कापतो, पण सहज तुटत नाही. दुसरी खूण जाळून बघायची आहे, ती मोठ्या माणसानेच करावी. दोऱ्याचं टोक पेटवलं तर सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन वितळतो आणि टोकाला कडक गोळी तयार होते. मुलाने आणलेली चक्री घरात येताक्षणी ही परीक्षा करा. ‘दुकानदाराने साधाच आहे असं सांगितलं’ यावर विसंबू नका.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या किंवा कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या, कृत्रिम पदार्थाचा लेप असलेल्या आणि न कुजणाऱ्या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी फक्त विकण्यावर नाही. बनवणं, साठवणं, विकत घेणं आणि वापरणं, सगळ्यावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आहे. पोलीस दरवर्षी मनाई आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम १२५ आहे. म्हणजे ज्याच्या घरात ही चक्री सापडेल त्याला ‘आम्ही विकत नाही, फक्त उडवतो’ असं म्हणून सुटता येत नाही.

पतंग उडवण्याचे नियम

१. *वारा पाठीवर, रस्ता पाठीमागे.* पतंग नेहमी वाऱ्याच्या दिशेने पुढे जातो. आपला दोर त्याच बाजूला पसरतो आणि पतंग कटला की त्याच बाजूला खाली पडतो. म्हणून आधी मूठभर माती उडवून वारा बघा. वारा ज्या बाजूला चालला आहे तिकडे रस्ता, पूल, बाजार किंवा रेल्वेची लाइन असेल तर त्या जागेवरून पतंग उडवायचा नाही. जागा बदला.

२. *मैदान असेल तर मैदानातच.* रस्त्यावर आणि उड्डाणपुलाजवळ कधीच नाही. नागपुरात अलीकडच्या वर्षांत संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल वाहतुकीला बंद ठेवावे लागतात, ते याच कारणाने. मैदानातही लोक बसलेले किंवा लहान मुलं खेळत असतील तर त्यांच्या डोक्यावरून दोर नेऊ नका. मैदान सगळ्यांचं आहे. त्यांना उठवून आपण उडवायचं नाही.

३. *पत्र्यावर चढायचं नाही.* वस्तीतली निम्मी दुखणी इथून येतात असं म्हटलं तरी चालेल. सिमेंटचा पत्रा जुना झाला की वरून धड दिसतो आणि पाय पडला की फुटतो. खाली फरशी असते, नाहीतर चूल. कठडा नसलेल्या स्लॅबवरही नाही. पतंग उडवणाऱ्याची नजर आभाळात असते आणि पाय मागे मागे सरकत जातात. कठडा असला तरी मुलांबरोबर एक मोठा माणूस हवाच.

४. *विजेच्या तारांपासून दूर.* तारेला अडकलेला पतंग काठीने, गजाने किंवा दगडाला दोरा बांधून काढू नका. ओला दोरा आणि धातूची पूड लावलेला मांजा यांतून वीज वाहते. पतंग दहा रुपयांचा आहे, जाऊ द्या. तार तुटली असेल तर कोणालाही जवळ जाऊ देऊ नका आणि महावितरणला १९१२ वर फोन करा.

५. *कटलेल्या पतंगामागे धावायचं नाही.* लुटालुटीत मुलं रस्त्यावर, रुळांवर, नाल्यात जातात. हे घरून निघतानाच बजावून सांगा. एकदा पतंग आभाळात दिसला की सांगून काही उपयोग नाही.

६. *सकाळी लवकर आणि सूर्य मावळताना नको.* त्या वेळी पक्षी घरट्यातून निघतात आणि परत येतात. रस्त्यावरही अंधुक उजेडात दोरा मुळीच दिसत नाही.

७. *बोटांना आधी चिकटपट्टी.* सुती मांजानेही तर्जनी कापते. लहान मुलांच्या हाती मांजा नको, साधा शिवणाचा दोरा द्या. पेच लागणार नाही, पण पतंग तितकाच वर जाईल.

उडवून झाल्यावर

ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कटलेला दोरा आपलाच असतो. पतंग गेला म्हणून जबाबदारी जात नाही. खाली लोंबणारा दोरा गुंडाळून घ्या. झाडावर, खांबावर, गल्लीत आडवा पडलेला दिसला तर तोही काढा, विजेच्या खांबावरचा सोडून. मग त्याचे कात्रीने लहान तुकडे करा, जुन्या बाटलीत भरा, झाकण लावा आणि कचरा नेणाऱ्याला सांगून वेगळी द्या. दोऱ्याचं भेंडोळं तसंच कचऱ्यात टाकलं तर सकाळी झाडू मारणाऱ्या बाईच्या हाताला ते कापतं. ती बाई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते. नायलॉन जाळूही नका, त्याचा धूर घातक असतो.

दुचाकीवाल्यांनी काय करावं?

जानेवारीत पुढची काच असलेलं हेल्मेट घाला आणि काच खाली ठेवा. गळ्याभोवती जाड मफलर किंवा ओढणी दोन वेढे घेऊन गुंडाळा, टोकं आत खोचा. हँडलला लावायची तारेची कमान हंगामात मिळते, ती लावली तर दोरा गळ्यापर्यंत यायच्या आधी अडतो. वेग कमी ठेवा. लहान मुलाला पुढे बसवू नका, कारण दोरा आधी त्याच्यापर्यंत पोचतो. अंगावर दोरा जाणवला तर चालत्या गाडीवर तो हाताने ओढू नका, गाडी थांबवा.

गळा कापला तर पहिली पाच मिनिटं

माणसाला चालवू नका, आडवं करा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याला सोपं जाईल तसं बसवा. हाताशी असेल ते स्वच्छ कापड, रुमाल किंवा ओढणीची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबून धरा. रक्त थांबलं का, हे बघायला कापड उचलू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा आणि दाब चालू ठेवा. दाब जखमेवरच द्यायचा. दोन्ही बाजूंनी गळा आवळायचा नाही आणि गळ्याभोवती पट्टी घट्ट बांधायची नाही.

जखमेतून श्वासाबरोबर हवा किंवा फेस येत असेल तर श्वासनलिकेला इजा झालेली आहे. त्या भोकात कापड कोंबू नका. आजूबाजूला रक्त येतं तिथे दाब द्या आणि श्वासाची वाट मोकळी ठेवा. पाणी पाजू नका. हळद, चहापूड, तंबाखू काहीही लावू नका.

त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. गाडीला उशीर होणार असेल तर रिक्षाने न्या, पण दाब धरणारा माणूस दवाखान्यापर्यंत सोबत बसला पाहिजे.

‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ म्हणून लोक हात लावत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता द्यायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार करणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. ‘आधी पोलीस केस करून या’ असं कोणी म्हणालं तर हे ठणकावून सांगा.

इतर जखमा

बोट कापलं तर वाहत्या पाण्याने धुवा, दाबून धरा, हात वर ठेवा. मग बोट वाकवून आणि सरळ करून बघा. वाकत नसेल किंवा टोक बधिर झालं असेल तर आतली नस किंवा स्नायूची दोरी कापली गेली असण्याची शक्यता आहे. वरून जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, नाहीतर बोट कायमचं निकामी होऊ शकतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा.

डोळ्याला लागलं तर चोळू नका, धुऊ नका, दाबू नका. वरून कागदी पेल्यासारखं काही अलगद ठेवून लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात न्या.

छपरावरून पडलेल्या मुलाला झटकन उचलून उभं करू नका. मान आणि पाठ न वाकवता, तीन-चार जणांनी मिळून फळीवर किंवा दारावर घ्या. विजेचा धक्का लागला असेल तर आधी वीज बंद करा, मगच हात लावा.

वस्तीने मिळून करायचं काम

एका घराने चक्री तपासली आणि शेजारच्याने नाही, तर उपयोग नाही. डिसेंबरच्या शेवटी वस्तीत एक बैठक लावा. बायकांच्या गटाने आणि तरुण मंडळाने मिळून आसपासच्या दुकानदारांना भेटा आणि ‘इथे नायलॉन मांजा चालणार नाही’ हे समोरासमोर सांगा. तरीही कोणी विकत असेल तर ठिकाण आणि वेळ लिहून घ्या आणि ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा. दुकानदाराशी मारामारी करायची नाही. पतंग उडवायला एक मोकळी जागा ठरवा आणि त्या दिवशी तिथे दोन मोठी माणसं, स्वच्छ कापडं आणि फोन तयार ठेवा. संध्याकाळी मुलांनाच गल्लीतला दोरा गोळा करायला लावा. ज्याची बाटली आधी भरेल त्याला पुढचा पतंग वस्तीकडून.

मुलांना आभाळ मोकळं हवं, आणि कामावरून परतणाऱ्या माणसाला रस्ता मोकळा हवा. सुती दोरा आणि नीट निवडलेली जागा असली तर दोन्ही जमतं. या जानेवारीत घरातली चक्री हातात घ्या आणि दोरा ओढून बघा.