आवळाल तितके गळेल!

जुन्या ॲम्बॅसॅडर गाडीखालच्या फरशीवर तेलाचा काळा डाग तुम्ही पाहिला असेल. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशी एक गाडी हौसेने जपली आहे. डाग दिसला, की ते गाडीखाली शिरत आणि इंजिनाच्या तळाचे बोल्ट पान्याने आणखी थोडे आवळत. दोन दिवस बरे जात. मग डाग पूर्वीपेक्षा मोठा! शेवटी चेंबर उतरवला, तेव्हा कळले, की गळतीचे कारण तो पानाच होता. हे कसे, ते पाहू या.

चेंबरचे काम

इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी बसवलेल्या पत्र्याच्या पात्राला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. ॲम्बॅसॅडरच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटर पेट्रोल इंजिनात या पात्रात सुमारे चार लिटर तेल मावते. पंप ते तेल जाळीतून ओढून बेअरिंगांकडे पाठवतो. तेथे तेलाचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. नंतर तेल आपल्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये उतरते. गळतीने तेल फार कमी झाले, तर पंप हवा ओढू लागतो, तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंगे काही मिनिटांत जळू शकतात. म्हणून थेंबभर गळतीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

बूचच का?

इंजिनाची आणि चेंबरची कड डोळ्यांना सपाट दिसते, पण तिच्यावर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. या फटींतून गरम, पातळ झालेले तेल झिरपते. त्या भरण्यासाठी मध्ये पॅकिंग घालतात. या इंजिनात ते बुचाचे असते.

बूच म्हणजे पोर्तुगाल, स्पेन इत्यादी देशांत वाढणाऱ्या कॉर्क ओक वृक्षाची साल. (पांढऱ्या सुवासिक फुलांचे आपल्याकडील बुचाचे झाड निराळे.) १६६५ साली रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले आणि ज्यांना ‘सेल’ हे नाव दिले, ते कप्पे याच बुचातले होते. जीवशास्त्राच्या पुस्तकातील तो धडा येथे गॅरेजमध्ये भेटतो! हे मृत पेशींचे कप्पे हवेने भरलेले असतात आणि त्यांच्या भिंतींत सुबेरिन हा मेणचट पदार्थ असतो. बूच दाबले, की कप्पे आकसतात. दाब काढला, की बरेचसे फुलतात. रबर दाबले, तर ते बाजूंना फुगते. बूच जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे ते जागचे न सरकता फट भरते आणि स्प्रिंगेप्रमाणे दोन्ही कडांना रेटून धरते.

मात्र बूच बेताबाहेर चिरडले, तर कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि स्प्रिंग मरते. त्याच वेळी चेंबरचा पत्रा बोल्टाच्या भोकांपाशी वर खेचला जातो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. आणखी आवळले, की पत्रा आणखी वाकतो. आमच्या गृहस्थांचे हेच झाले होते.

किती आवळावे?

या पाव इंची बोल्टांना सुमारे ८ न्यूटन-मीटर एवढेच परिबल पुरते. पान्याची लांबी १० सेंमी. धरली, तर ८० न्यूटन बल, म्हणजे साधारण ८ किलोग्रॅम वजनाइतका जोर. आता १५ सेंमी. लांबीच्या पान्यावर २०० न्यूटन जोर लावला, तर परिबल ०.१५ × २०० = ३० न्यूटन-मीटर. जवळजवळ चौपट!

दुरुस्तीची रीत

प्रथम गळती नेमकी कोठून होते, ते शोधतात. वाऱ्याने तेल मागे पसरते, म्हणून थेंब पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. इंजिन पुसून त्यावर खडूची पूड भुरभुरतात आणि ते थोडा वेळ चालवतात. पूड जेथे आधी ओली होते, ती गळतीची जागा.

मग गाडी भक्कम घोड्यांवर ठेवतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तेल कोमट असताना काढतात, कारण तेव्हा ते पातळ असते आणि गाळही सोबत येतो. चेंबर रॉकेलने धुऊन गाळ तपासतात. त्यात चकाकणारे कण असतील, तर कोठेतरी झीज चालू आहे. ते लोहचुंबकाला चिकटले, तर पोलादाचे. न चिकटले, तर बेअरिंगच्या मिश्रधातूचे असू शकतात.

जुने पॅकिंग खरवडल्यावर कडेवर पोलादी पट्टी उभी धरून पाहतात. पट्टीखालून उजेड दिसला, तर कड वाकडी. भोकांभोवती वर आलेला पत्रा ऐरणीवर ठेवून हातोडीने हलकेच सपाट करतात. नवे पॅकिंग सुकून आखडले असेल, तर थोडा वेळ पाण्यात भिजवतात. पुढच्या आणि मागच्या बेअरिंगांखालच्या बुचाच्या पट्ट्याही नव्या घालतात. सर्व बोल्ट आधी हाताने लावून, मध्यापासून टोकांकडे, समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. काढलेले तेल गटारात ओतू नये.

एवढे करूनही गळती राहिली, तर इंजिनाची श्वासनळी पाहावी. पिस्टनच्या कडेने निसटलेले वायू या नळीतून बाहेर पडतात. ती तुंबली, तर आतला दाब वाढून तेल सांध्यांतून बाहेर ढकलले जाते. मग पॅकिंगचा दोष नसतो.

करून पाहा

बाटलीच्या बुचाचा तुकडा आणि तेवढ्याच आकाराचा खोडरबर दोन पट्ट्यांमध्ये ठेवून दाबा. बाजूने कोण फुगतो, ते पाहा. पुढे पाना हातात घ्याल, तेव्हा हा प्रयोग आठवा: सांधा जोराने नव्हे, तर सारख्या दाबाने बंद होतो.