समुद्राची संमती

वाऱ्याच्या विजेला धूर नाही, राख नाही. मग समुद्रात पवनचक्क्या उभारताना एवढी पाहणी कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे. तेथे २००३ साली बाल्टिक समुद्रात न्यूस्टेडजवळ ७२ चक्क्या उभ्या राहिल्या. पाहणी त्याआधीच सुरू झाली होती व पुढेही चालू राहिली. रडारवर दिसले, की स्थलांतर करणारी बदके रात्रीसुद्धा चक्क्यांना वळसा घालतात. शंभरांत जेमतेम एखादे धोक्याच्या टप्प्यात येते. डॉल्फिनचा धाकटा भाऊबंद जो पॉर्पॉइज, त्याचे मात्र निराळे झाले. बांधकाम सुरू होताच पाण्यातल्या यंत्रांवर त्याचा आवाज विरळ झाला, आणि कित्येक वर्षे तो पूर्वीइतका परतला नाही.

परवानगीचा शिक्का बसला की परीक्षा संपली, असे मला वाटत नाही. समुद्र आपली उत्तरपत्रिका मागाहून लिहितो. ती तपासायला कुणीतरी थांबले पाहिजे.