मान वर करा

हे वाक्य वाचताना तुमची मान कशी आहे? बहुधा खाली झुकलेली असेल. वर्गात लेखन, घरी गृहपाठ, नंतर मोबाइल. मान वर होतच नाही. कारचोबासमोर बसून जरीकाम करणाऱ्यांची मान तर दिवसभर वाकलेली असते.

आपल्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. मानेतील ७ मणके व त्यांभोवतीचे स्नायू ते पेलतात. डोके पुढे झुकले, की मागच्या स्नायूंवर ताण वाढतो. भरलेली बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. फरक लगेच कळेल. विसावा मिळाला नाही, तर स्नायू आखडतात व दुखतात. दुखणे ३ महिन्यांहून अधिक टिकले, तर त्यास जुनाट दुखणे म्हणतात.

यावर सोपे व्यायाम आहेत. ताठ बसा. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या. ५ अंक मोजा आणि सोडा. असे १० वेळा करा. नंतर, नमाजच्या शेवटी सलाम फेरताना वळवतो तशी, मान सावकाश उजवीकडे व डावीकडे वळवा. मग तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हात ढकला. हाताने डोके अडवा. मान हलू देऊ नका.

आता मालिश. उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा. मान व खांदा यांमधला मांसल भाग बोटांनी हळूहळू दाबा. दुसऱ्या बाजूसही असेच करा. मधल्या हाडावर किंवा गळ्यावर दाबू नका. गळ्यातून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात.

केस कापल्यावर कोणी कटकन मान मोडून देऊ लागला, तर नम्रपणे 'नको' म्हणा. क्षणभर बरे वाटते. पण झटक्याने मणक्यांतून जाणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते.

हाताला मुंग्या आल्या, हातातील जोर कमी झाला, पडल्यावर मान दुखू लागली किंवा तापात मान आखडली, तर व्यायाम व मालिश करू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

घरी अम्मी किंवा अब्बा मान चोळत बसलेले दिसले, तर त्यांनाही हे व्यायाम शिकवा. आणि आता, पान उलटण्यापूर्वी, एकदा मान वर करा!